एका लवूच्या चार चिमण्या

शिवगणांच्या घरात मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी सुईत दोरा ओवायचा नाही, आणि मूल जन्मलं की बाराव्या दिवशी पाळण्यावर चिमणाळं टांगलेलं असलंच पाहिजे. हे दोन्ही नियम ज्याने केले त्याने जन्मात कधी सुई हातात धरली नसणार, असं सुलूचं स्पष्ट मत होतं. पण हे मत ती फक्त स्वतःला ऐकवायची. बाकीच्यांना ती नियमच ऐकवायची, कारण चिमणाळं शिवायचा मान आत्याचा, आणि या घरची आत्या ती.

चिमणाळं म्हणजे पाळण्यावर लोंबणाऱ्या कापडी चिमण्यांचा झुबका. घरातल्या जवळच्या प्रत्येक माणसाची एक चिमणी. ज्याची चिमणी, त्याच्याच अंगावरच्या जुन्या कपड्याचा तुकडा, आणि तो त्याने आपल्या हाताने दिलेला. कोरं कापड चालत नाही, चोरून आणलेलं त्याहून चालत नाही. तुकड्याचे दोन पदर कापायचे, मध्ये जुन्या धोतराची मऊ पट्टी घालायची, गोधडीला घालतात तसा बारीक धावदोरा गोल गोल फिरवत न्यायचा, कड शिवताना बोटभर फट ठेवायची, पेन्सिलीच्या टोकाने चिमणी सुलटी करायची आणि पोटात चिंध्या ठासायच्या. चोचीला लाल नाडी, शेपटीला साडीचा काठ. डोळा मात्र दोऱ्याचाच, कारण टिकली लावली तर ती पोराच्या तोंडात जाते. एक चिमणी म्हणजे सुलूची अर्धी दुपार.

या खेपेला अकरा चिमण्या लागणार होत्या. सुलूच्या थोरल्या भावाच्या, उत्तमच्या अमोलला आणि त्याच्या बायकोला, स्टेफनीला, बुधवारी मुलगी झाली. शिवगणांच्या घरात सुलूनंतर मुलगी झालीच नव्हती. ही त्रेसष्ट वर्षांनी आलेली. सुलूने दवाखान्यातच तिची मूठ उलगडून बोटं तपासली.

"लांब आहेत. सुई धरेल."

"आत्या, तिला आधी दूध तर धरू दे," स्टेफनी म्हणाली.

सुलूला स्वतःला दोन मुलगे, आणि दोघांनाही शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. आपल्यामागे चिमणाळं कोण शिवणार, हा प्रश्न तिला दहा वर्षं टोचत होता. आता उत्तर पाळण्यात येऊन पडलं होतं. त्यामुळे या चिमणाळ्यात एकही चिमणी कमी पडता कामा नये असं तिने मनाशी ठरवलं, आणि शनिवारी, चौथ्या दिवशी, उत्तमच्या हॉलमध्ये उभं राहून तसं जाहीरही करून टाकलं.

"एक जरी कमी असली तरी मी टांगणार नाही. आणि चिमणाळ्याशिवाय मी नाव ठेवणार नाही. नाव आत्याच ठेवते. आता तुमचं तुम्ही बघा."

हे तिने उत्तमकडे बघून म्हटलं, पण आवाज समोरच्या दारापर्यंत जाईल असा लावला होता. कारण अकरावी चिमणी लवूची होती.

उत्तम थोरला, सुलू मधली, लवू धाकटा. भाईंदर पूर्वेला गोडदेवच्या सागरदीप सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोघा भावांची दारं समोरासमोर. मधलं अंतर एक शिडी आडवी ठेवली तर अडेल एवढं, आणि त्या अंतरात सहा वर्षं एक शब्द इकडून तिकडे गेला नव्हता. कारण असं की उत्तम सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला उभा राहिला आणि एका मताने पडला. एकवीस फ्लॅट. अकरा मतं तिसऱ्या मजल्यावरच्या बाबाजीला, दहा उत्तमला. आदल्या दिवशी लवू बाबाजीकडे चहा पिताना दिसला होता. उत्तमने मतं मोजलेल्या टेबलासमोरच त्याला विचारलं, "कोणाला दिलंस?" लवू म्हणाला, "मतदान गुप्त असतं." दोघांत झालेलं हे शेवटचं बोलणं.

सुलू तशीच पायात चपला सरकवून समोर गेली. लवू इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कपड्याच्या गाळ्यात चौतीस वर्षं कटिंग मास्टर होता. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात एक माणूस आणि सात कात्र्या.

"ताई, तुकडा काय, अख्खा शर्ट देतो," लवू म्हणाला. "पण बारशाचं बोलावणं आलं पाहिजे. आणि बोलवायला तो आला पाहिजे."

"वहिनी येईल."

"वहिनींशी मी बोलतोच. तो."

सुलू परत अलीकडे आली.

"मी कशाला जाऊ?" उत्तम म्हणाला. "दार उघडं आहे. बारसं काय लपूनछपून करतोय?"

"दार उघडं असणं म्हणजे बोलावणं नव्हे, दादा."

"आपल्या माणसाला उघडं दार पुरतं."

"मग तेवढंच जाऊन सांग ना त्याला, आपलं माणूस आहेस म्हणून."

उत्तमने टीव्हीचा आवाज वाढवला. समोरच्या घरातही लगेच टीव्हीचा आवाज वाढला. दोघांकडे एकच चॅनेल लागलं होतं.

त्या दुपारी चंपाला जेवण गेलं नाही. उत्तमची ही बायको घरात सगळ्यांत शांत म्हणून ओळखली जायची, आणि ती शांत का होती हे एकट्या तिलाच माहीत होतं. कुणा ज्योतिषाने सांगितलं म्हणून उत्तमने फ्लॅट हौसेने बायकोच्या नावावर घेतला होता. त्यामुळे सोसायटीच्या यादीत नाव चंपाचं आणि मतही चंपाचं. तिने ते बाबाजीला दिलं होतं. नवरा सेक्रेटरी झाला की टाकीचं पाणी, गळका पाइप, लिफ्ट, पार्किंग, सगळी भांडणं आपल्या हॉलमध्ये येऊन बसणार आणि प्रत्येक भांडणाला चहा आपणच करणार, हे तिला दिसत होतं. एका मताने असा काय फरक पडतोय, असं तिला वाटलं होतं. मग मतं मोजली गेली. तेव्हापासून ती सहा वर्षं दोन्ही दारांकडे बघत पोळ्या लाटत होती आणि तोंड उघडायचा धीर होत नव्हता.

दोन्ही घरांच्या वाळत घालायच्या दोऱ्या मागच्या बाजूला शेजारी शेजारी होत्या. लवू जेवून झोपला असेल असा अंदाज घेऊन चंपाने कपडे वाळत घालायची काठी ग्रिलमधून बाहेर काढली आणि भावजींचा चौकड्यांचा पायजमा हळूच अलीकडे ओढला. कोथिंबीर कापायची कात्री हाताशी होती. उजव्या पायाचा वीतभर तुकडा कापून तिने पायजमा परत दोरीवर नेला आणि चिमटेसुद्धा होते तसे लावले.

रविवारी तिने तो तुकडा भाईंदर पश्चिमेला सुलूच्या घरी नेऊन दिला.

"भावजींनी दिलाय. पण कोणाला सांगायचं नाही म्हणाले, वन्सं. त्यांनासुद्धा सांगायचं नाही."

"कोणाला? लवूला?"

"हो. म्हणजे, दिलाय हे त्यांना बोलून दाखवायचं नाही. लाजतात ते."

सुलूला भरून आलं. लहानपणापासून लवू लाजराच. तिने त्याच दुपारी चौकड्यांची चिमणी शिवली आणि तिच्या शेपटीला आपल्या सगळ्यांत चांगल्या पैठणीचा काठ लावला.

सोमवारी ऑफिसातून परतताना अमोल आला. त्याने लॅपटॉपच्या बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून पांढऱ्या शर्टाचा तळहाताएवढा तुकडा.

"काकाचा आहे, आत्या. त्यानेच दिला. पण व्हॉट्सॲपवर वगैरे टाकू नकोस बोललाय."

"मी कधी टाकते व्हॉट्सॲपवर?"

"नाही, जस्ट सांगतोय. आईपप्पांना पण नको. टेन्शन होईल फुकट."

अमोल काकाच्याच घरात वाढला म्हटलं तरी चालेल. त्याच्या शाळेचे सगळे युनिफॉर्म लवूने कापले होते. निवडणुकीच्या दिवसापासून तो बापाला कळू न देता काकाकडे जायचा आणि काकाला कळू न देता बापाची बाजू घ्यायचा, आणि यात तो थकून गेला होता. काकाच्या शर्टाचा शेव, म्हणजे खालचा काठ, त्याने वाळत असतानाच दाढीच्या कात्रीने कापला होता. कापताना हात इतका थरथरला की तुकडा एका बाजूला दात पडल्यासारखा दिसत होता.

सुलूने ती कड बोटाने चाचपली. चौतीस वर्षं कापड कापणारा माणूस आपल्या शर्टाचा तुकडा असा कापून देईल? पण अमोलचं तोंड बघून तिने तुकडा शिवणाच्या डब्यात टाकला. त्याला चहा आणि दोन चकल्या दिल्या, आणि मंगळवारी पांढरी चिमणी शिवली.

बुधवारी पॅट्रिशिया आली. ती स्टेफनीची आई, पाली गावची. मार्केटात मासे विकायची. टोपली दाराबाहेर ठेवून ती आत आली आणि कमरेचा निळा मोठा रुमाल काढून सुलूसमोर धरला.

"सुलूबाय, तुमच्या लवूभावाचा हाय. त्यानं दिला. दिल्यासारखाच हाय."

"दिल्यासारखा म्हणजे?"

"बोंबील घेताना फळीवर ठेवला, मी वर बसले. त्यानं शोधला, मला इचारलं. मी सांगितलं, मला न्हाय दिसला." पॅट्रिशियाने कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवून क्रूस केला. "मला खोटं बोलाया जमत न्हाय, म्हणून तुम्हाला खरं सांगते."

"अगं पण का?"

पॅट्रिशियाने रुमाल सुलूच्या हातात कोंबला. "पालीत लोक बोलतात. पोरगी ख्रिस्ताव म्हणून चुलतसासरा बारशाला येत न्हाय. माझ्या स्टेफनीला हे कळाया नको."

"अगं, तो सहा वर्षं त्या घरात पाऊल टाकत नाही. तुझी पोरगी येऊन चारच वर्षं झाली," सुलू म्हणाली आणि तिने पॅट्रिशियाचा हात घट्ट धरला. "हे त्या लोकांना सांग. नाहीतर मी येऊन सांगते, मला पालीची बस माहीत आहे."

पॅट्रिशिया हसली, डोळे पुसले आणि टोपली घेऊन गेली. सुलूने रुमाल तीन पाण्यांतून काढला, तरी बोंबलाचा वास गेला नाही. आता तिला सगळं कळलं होतं. पायजमा चोरीचा, शर्ट चोरीचा, रुमाल तर बसून चोरलेला. नियमाप्रमाणे तीनही चिमण्या बाद. तरीही बुधवारची निळी चिमणी तिने शिवलीच. भावावर एवढी माणसं जीव टाकतायत हे बघून तिला आनंद झाला होता, आणि तो आनंद शिवण्यावाचून दुसऱ्या कशात घालावा हे तिला कळेना.

इकडे लवूने उंदराचा पिंजरा विकत आणला होता. पायजम्याचा एक पाय अर्धा झालेला पाहून त्याला वाटलं, उंदीर. पिंजऱ्यात भजी ठेवून तो पिंजरा त्याने दोरीखाली लावला. मग शर्ट गेला. लवूने चष्मा लावून शर्टाची कड उजेडात धरली, आणि चौतीस वर्षांचा मास्तर त्याच्यात जागा झाला. उंदीर कुरतडतो, कापत नाही. ही कात्री होती, आणि कात्री धरणारा अडाणी होता. शेजारपाजाऱ्यांपैकी कोणाचं आपल्याशी एवढं वैर असावं, याचा विचार करताना त्याची नजर सारखी समोरच्या दाराकडे जायची आणि तो ती परत फिरवायचा. दादा भांडेल, सहा वर्षं बोलणार नाही, पण शर्ट कापणार नाही. एवढी खात्री त्याला होती.

ती खात्री शुक्रवारी खोटी ठरली.

शुक्रवारी पहाटे उत्तम दूध आणायला निघाला. लवूची निळ्या पट्ट्यांची लुंगी जिन्याच्या ग्रिलवर वाळत होती. उत्तम थांबला. आदल्या दिवशी चंपा आणि सुलू फोनवर कुजबुजत होत्या, "दहा झाल्या," एवढंच त्याच्या कानावर पडलं होतं. दहा म्हणजे अकरावी नाही. अकरावी नाही म्हणजे नाव नाही. आपली नात बिननावाची राहणार, तीही आपण समोरचं दार वाजवलं नाही म्हणून. त्याने त्या दाराकडे पाहिलं. हात वरसुद्धा नेला. बेलचं बटण बोटापासून चार अंगुळं असेल. मग त्याच्या मनात आलं, दार उघडलं तर काय बोलायचं? पहिलं वाक्य काय? सहा वर्षांनी माणूस "काय रे, जेवलास का?" असं पहाटे साडेपाचला कसं विचारणार?

त्याने हात खाली घेतला, घरात जाऊन दाढीचं ब्लेड आणलं, लुंगीचं टोक ताणून धरलं आणि एका ओढीत तुकडा काढला. नंतर दूध न घेताच तो पश्चिमेला सुलूकडे गेला.

"हे काय?" सुलूने दारात विचारलं.

"रस्त्यात सापडलं."

"लवूची लुंगी रस्त्यात सापडली?"

"लवूची आहे का? मला काय माहीत कोणाची ते." उत्तमने दुसरीकडे तोंड केलं. "तुझ्या उपयोगाची असेल तर ठेव. नसेल तर पोतेरं कर."

तो गेल्यावर सुलू दाराला कडी लावून आधी हसली, मग रडली, आणि मग सुईत दोरा ओवला. निळ्या पट्ट्यांच्या चिमणीला तिने इतके बारीक टाके घातले की तिला स्वतःला चष्मा दोनदा पुसावा लागला. शनिवारी तिने सगळ्या चिमण्या पलंगावर मांडल्या. दहा नियमाच्या, चार चोरीच्या. चारांपैकी कुठलीही टाकवेना. शेवटी तिने चौदाही बांधल्या, वर एक ओढणी टाकली आणि सगळ्यांना ऐकवलेला नियम आपणच मोडतोय याबद्दल देवासमोर दोन मिनिटं उभी राहिली. देव काही बोलला नाही. तिने ते होकारात धरलं.

रविवारी अकरा वाजता उत्तमचा हॉल भरला. पाळणा झेंडूने सजवला होता, पाळण्यात मुलगी गाढ झोपली होती, चंपा पेढे मांडत होती, पॅट्रिशिया नवीन लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. उत्तमने चंदेरी रंगाचा कोरा रेशमी कुर्ता घातला होता आणि सकाळी सातपासून तो घामाने ओला होत होता, कारण पंख्याखाली पाळणा ठेवला होता आणि पंखा लावायचा नव्हता. दार सताड उघडं होतं. त्याने ते तीनदा आतून बाहेर ढकलून आणखी उघडलं.

सुलूने चिमणाळं पाळण्यावर टांगून ओढणी काढली. चिमण्या लोंबल्या. चंपाला चौकड्यांची दिसली, ती समाधानाने हसली. अमोलला पांढरी दिसली, त्याने सुटकेचा श्वास सोडला. पॅट्रिशियाने निळीकडे बघून बायबल वाचल्यासारखे ओठ हलवले. मग अमोल मोजू लागला.

"आत्या, चौदा कशा?"

"गप बस."

"नाही, अकरा पाहिजेत ना? मग…"

"वहिनी!" दारातून आवाज आला.

लवू उभा होता. बनियन, कमरेला टोक गेलेली लुंगी, एका खांद्यावर दीड पायाचा पायजमा, दुसऱ्या खांद्यावर शेव नसलेला शर्ट. त्याचे पाय बरोबर उंबऱ्याबाहेर होते.

"वहिनी, बाबाजी सेक्रेटरीला फोन लावा. या बिल्डिंगमध्ये कपडे कापणारा चोर फिरतोय. माझा धड म्हणावा असा एक कपडा राहिलेला नाही. आता लुंगी…"

तो थांबला. त्याची नजर पाळण्याच्या वर गेली होती. त्याने डोळे बारीक केले, चष्मा कपाळावरून खाली घेतला, तरी नीट दिसेना, म्हणून तो पुढे सरकला. एक पाऊल, मग दुसरं. लवू उंबरा ओलांडून आत आला होता, आणि हे त्याला सोडून हॉलमधल्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पेढा तोंडात असलेल्यांनी चावायचं थांबवलं.

लवूने चौकड्यांची चिमणी बोटांत धरली. "हा पायजमा. वाकडा कापलाय, धागा बघितलाच नाही. भाजीच्या कात्रीने."

"कोथिंबिरीच्या," चंपा खालमानेने म्हणाली.

"हा शर्ट. एवढीशी कात्री, दाढीची. आणि हात थरथरतोय."

"सॉरी काका," अमोल म्हणाला.

लवूने निळी चिमणी नाकाजवळ नेली. लगेच लांब धरली.

"सुलूबायनं तीन वेला धुतला हो," पॅट्रिशिया म्हणाली.

चौथी चिमणी त्याने उजेडात धरली. बोटाने कड चाचपली. "ही कात्री नव्हे. ब्लेड आहे. आधी ताणून धरलंय, मग एका ओढीत काढलंय." त्याचा आवाज खाली आला. "गावाला पतंगाच्या शेपट्या अशा कोणीतरी कापून द्यायचं मला."

सगळे उत्तमकडे बघू लागले. उत्तम छताकडे बघत होता. सहा वर्षं जे पहिलं वाक्य त्याला सापडत नव्हतं ते आता तोंडातून निघालं.

"लुंगी जुनीच होती."

"दिवाळीत घेतलीय!"

"मग रंग का गेला?"

"रंग गेला नाही, तो तसाच आहे! तुला रंगातलं काय कळतं? आयुष्यभर स्टीलची भांडी पॉलिश केलीस!"

"आणि तू बाबाजीला मत दिलंस!"

"मी तुला दिलं!"

"खोटं! दहाच मिळाली मला, तुझं धरून अकरा व्हायला पाहिजेत. मी दारोदार फिरून हिशेब केला होता!"

"मी नाही दिलं तुम्हाला मत," चंपा म्हणाली.

तिने पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. हात पदराला पुसले. "फ्लॅट माझ्या नावावर आहे. मत माझं होतं. भावजींचं तुम्हालाच होतं. मी बाबाजीला दिलं."

"का?" उत्तमला एवढंच जमलं.

"चहा. एकवीस घरांच्या भांडणांचा चहा. बाबाजीची बायको सहा वर्षांत माहेरी गेली नाही, बघितलंत का कधी?" मग तिला रडू फुटलं. "मला वाटलं, एका मताने काय होतंय."

स्टेफनी उठून तिच्याजवळ गेली आणि तिने सासूला धरून ठेवलं. उत्तम बायकोकडे बघत राहिला, मग लवूकडे.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? 'गुप्त मतदान' म्हणे!"

"तू विचारायलाच नको होतंस," लवू म्हणाला. "दादा, सगळ्यांनी विचारलं असतं तर चाललं असतं. तू नको होतंस."

उत्तमला हे लागलं. इतकं लागलं की त्याने वाद घातला नाही, आणि उत्तमने वाद घातला नाही असं सागरदीपमध्ये पहिल्यांदाच घडत होतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

सुलू मात्र चिमणाळ्याची गाठ सोडायला लागली होती. "हे सगळं ठीक आहे. पण आता सगळ्यांसमोर उघड झालं. चोरीचं चालत नाही. ज्याचं त्याने आपल्या हाताने दिलं पाहिजे. मी चार काढते, मग दहाच राहतात, मग…" तिचा आवाज फाटला.

लवूने तिच्या हातातून चारही चिमण्या घेतल्या. मग एकेक परत तिच्या तळहातावर ठेवू लागला.

"हा पायजमा घे ताई, दिला. हा शर्ट, दिला. हा रुमाल, वासासकट दिला. ही लुंगी." उत्तमकडे बघत त्याने ती ठेवली. "दिली."

सुलू चौदा चिमण्या परत बांधत होती. तेव्हा उत्तमने मोजलं.

"म्हणजे त्याच्या चार आणि माझी एक?" तो म्हणाला. "घर कोणाचं आहे? नात कोणाची आहे?"

लवूने सुलूच्या शिवणाच्या डब्यातली कात्री उचलली, उत्तमच्या मागे गेला, कोऱ्या चंदेरी कुर्त्याचा घोळ दोन बोटांत धरला आणि कच्च करून तळहाताएवढा चौकोन काढला. सरळ, धाग्याला धागा लागून. चंपाच्या तोंडून किंकाळी निघाली. उत्तमने मान वळवून जमेल तेवढं मागे पाहिलं.

"नीट कापलंस ना?"

"माझ्या हाताने वाकडं कापलं जातं का कधी?" लवूने तुकडा त्याच्याच हातात दिला. "ताईला तू दे. नियम आहे."

"कोरं चालत नाही," सुलू म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि तिने ते पुसले नाहीत.

"कोरं? सकाळी सातपासून घातलाय. पिळलास तर पाणी निघेल." उत्तमने तो ओला चौकोन बहिणीच्या हातात ठेवला. "वापरलेलाच आहे. घे."

सुलूने खाली बसकण मारली आणि सुईत दोरा ओवला. कोणीतरी नावाचं काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, थांबेल. पोरगी झोपलीय, तिला घाई नाही.

दीड तास बारसं थांबलं. तेवढ्या वेळात मागाहून येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत करायला उत्तम दारात उभा होता, आणि नमस्कार करून झाला की तो न चुकता वळून पाठ दाखवायचा.

"हे बघा," तो सांगायचा. "भावाने कापलंय माझ्या."